शुक्रवारचा मेल

शहापूरच्या नाक्यावरून किन्हवलीकडे जाणाऱ्या जीपमध्ये मधल्या सीटवर चार जण बसतात, आणि पाचवं कुणी आलं तर आधीचे चौघे न बोलता थोडे थोडे सरकतात. श्रावणातल्या त्या सकाळी पाचवी संघरत्ना होती. मांडीवर थर्माकोलचा मोठा डबा, त्याला दोन्ही हातांची मिठी, आणि जीप खड्ड्यात आदळली की ती डोळे घट्ट मिटायची.

शेजारी बसलेल्या मुलाच्या मांडीवरही डबाच होता. कॉम्प्युटरचा, जुना, एका बाजूनं दोरीनं बांधलेला.

"मॅडम, तुमच्या डब्यातून पाणी गळतंय," तो म्हणाला.

ती दचकली. खरंच, बर्फाचं पाणी थेंब थेंब त्याच्या कॉम्प्युटरवर पडत होतं.

"सॉरी... मी जरा तिकडे सरकते."

"तिकडे जागा कुठाय? असू द्या. मासे हायत काय?"

"औषध आहे. सापाच्या विषावरचं."

मग त्यानं आपला कॉम्प्युटर उचलून पायांशी ठेवला आणि दोन्ही तळहात तिच्या डब्याखाली धरले. "मग द्या, मी पण धरतो. हा भिजला तर मी दुरुस्त करीन. तुमचं फुटलं तर कोण करणार?"

संघरत्नानं त्याच्याकडे पाहिलं. केसांवर पावसाचे बारीक थेंब, शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी सुटलेली. तिनं पटकन नजर खिडकीबाहेर नेली. पुढचा अर्धा तास दोघं एकच डबा धरून बसले होते, आणि डब्याखाली त्याची बोटं बर्फानं लाल झाली तरी त्यानं हात काढले नाहीत.

शेणवा मागे टाकून जीप दवाखान्याच्या फाटकापाशी थांबली. ती उतरली. तोही उतरला.

"तुम्ही पण इथेच?"

"यांचं पोस्ट ऑफिस दुरुस्त करून आणलंय," तो कॉम्प्युटर थोपटत म्हणाला. "दवाखान्याचे सगळे मेल याच्यातून बाहेर जातात. मी दीपेश. धसईचा. मुरबाडला दुकान आहे माझं."

"मी इथे औषधांच्या खिडकीत असते," ती म्हणाली. नाव सांगायचं तिच्या लक्षातच आलं नाही. ते त्यानं नंतर शिपायाला विचारून घेतलं.

दवाखाना एका ट्रस्टचा, वीस खाटांचा. संघरत्ना रोज वाशिंदहून यायची. वडील बुधाजी तिथल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, आई गीताबाई अंगणवाडीत. मुलगी हुशार, फार्मसी झालेली. पण मुळातच भित्री. घराचं कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारी. औषधांच्या खिडकीत हा स्वभाव फार कामाचा होता, बाकी आयुष्यात नव्हता.

विषावरचं ते औषध फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांच्या मध्ये ठेवावं लागतं, आणि आपल्याकडे लाइटीचा भरवसा नाही. म्हणून डॉक्टर स्नेहल मॅडमनी दीपेशला एक काम दिलं. त्यानं फ्रीजमध्ये बारीक वायर सोडली, ती खिडकीखालच्या छोट्या यंत्राला जोडली आणि त्या यंत्रात एक स्क्रिप्ट लिहिली.

"स्क्रिप्ट म्हणजे?" संघरत्नानं विचारलं.

"म्हणजे कामाची चिठ्ठी. एकदा लिहून दिली की यंत्र रोज तेच करत बसतं. सकाळी आठला मेल टाकील – फ्रीज ठीक, इतके अंश. आणि लाइट गेली तर हे आणि मेलचा कॉम्प्युटर बॅटरीवर चालतील, दर अर्ध्या तासाला मेल टाकतील. तुमाला आणि डॉक्टर मॅडमना. मग वॉचमनला फोन करून जनरेटर लावायचा."

"आणि लाइट गेली, आणि मेलही आला नाही तर?"

तो हसला. "तुमी फार घाबरता, मॅडम."

"कुणीतरी घाबरायला हवं ना."

"मग तुमी घाबरा. मी येऊन बघत जाईन."

आणि तो खरंच येत राहिला. आठ-पंधरा दिवसांनी काही ना काही काम निघायचं. कधी वायर सैल, कधी मेलमध्ये वेळ चुकीची. एकदा तर नुसतंच "इकडून चाललो होतो". मुरबाड ते शेणवा कुणी 'इकडून' जात नाही, हे तिला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. खिडकीच्या जाळीतून ती त्याला चहाचा कप द्यायची, आणि कप घेताना तो उगाच एक क्षण जास्त थांबायचा...

सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी तो निघता निघता परत वळला.

"मॅडम, एक विचारू? घरी तुमच्यासाठी स्थळं बघतायत काय?"

"का?"

"नाय, म्हणजे..." हेल्मेट त्यानं या हातातून त्या हातात घेतलं. "मी पण बघायला आलो तर चालेल काय, असं विचारायचं होतं."

तेवढ्यात खिडकीशी एक म्हातारा गोळ्या घ्यायला आला, आणि तिनं सुटल्यासारखी त्याची चिठ्ठी हातात घेतली.

"घाई नाय," दीपेश हळूच म्हणाला. "तोंडावर बोलायला जमत नसलं तर मेल करा."

त्यानंतर तीन आठवडे तिला नीट झोप लागली नाही. त्याला उत्तर काय द्यायचं, याची भीती नव्हती. उत्तर तर तिला त्या क्षणीच माहीत होतं. भीती त्याच्या पुढची होती. त्याच्या गावाची, त्याच्या आळीची, आडनाव ऐकल्यावर बदलणाऱ्या चेहऱ्यांची. वाशिंदच्या तिच्याच चाळीतल्या एका मुलीचं लग्न असंच मोडलं होतं, मांडव पडल्यावर. ती मुलगी आता सुरतेला मावशीकडे असते. तिचं नावही कुणी काढत नाही.

शुक्रवारी दुपारी साडेचारला गर्दी ओसरल्यावर तिनं खिडकीतल्या कॉम्प्युटरवर मेल लिहायला घेतला. सात-आठ ओळी, पाच-सहा वेळा खोडलेल्या. शेवटी तिनं डोळे मिटून पाठवायचं बटण दाबलं. दाबल्याबरोबर वाटलं, हात आत घालून तो परत ओढून घ्यावा.

संध्याकाळी परतीच्या पावसानं झोडपलं. ती घरी पोचेपर्यंत विजा कडाडत होत्या. रात्री तिनं फोनवरची मेलची घंटी बंद करून टाकली. उत्तर आलं असेल... किंवा आलं नसेल. दोन्ही बघायची हिंमत नव्हती.

शनिवारी सकाळी वॉचमन देवराम म्हणाला, "काल लाइट गेली होती बराच वेळ."

"किती वेळ?"

"आता मला काय ठावं? गेली, आली. जनरेटर लावायचा फोन नाय आला, मी फाटकावर होतो."

तिनं फ्रीज बघितला. काचेवर पाच अंश दिसत होते. लाइट गेली म्हणजे मेल आले असणार, काही गडबड असती तर डॉक्टर मॅडमनी जनरेटर लावायला सांगितलं असतं, असं तिनं स्वतःला समजावलं. मेल उघडून बघायला एक मिनिट लागलं असतं. पण मेल उघडला तर दीपेशचंही उत्तर दिसलं असतं. तिनं शनिवारी बघितलं नाही. रविवारीही नाही.

सोमवारी सकाळी नऊ वाजता तिनं धीर करून फोन उघडला. दीपेशचं उत्तर नव्हतं. आणि फ्रीजचाही मेल नव्हता. शनिवारचा नाही, रविवारचा नाही, आजचा नाही. शेवटचा होता शुक्रवारी सकाळी आठचा.

डॉक्टर मॅडमच्या फोनवर दिवसाला शंभर मेल येत, म्हणून त्यांनी फ्रीजचं बघणं खरं तर तिच्यावरच सोपवलं होतं. आणि तिनं तीन दिवस डोळे मिटून घेतले होते, का, तर एका मुलाच्या उत्तराला घाबरून.

तिनं दीपेशला फोन लावला.

"फ्रीजचे मेल येत नाहीत. शुक्रवारपासून."

"...फ्रीजचे?"

"हो."

"येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तासाभरात त्याची मोटारसायकल फाटकात आली. आत येताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. हेल्मेट टेबलावर ठेवून तो सरळ खिडकीखाली बसला. तिला वाटलं, झालं. यानं वाचलंय. वाचलं, आणि उत्तर हेच आहे.

त्यानं स्क्रिप्ट हातानं चालवून बघितली. यंत्रानं लगेच लिहिलं, मेल पाठवला.

"पाठवला म्हणतंय," ती म्हणाली.

"ते तसंच म्हणणार. याचं काम पेटीत पाकीट टाकण्यापुरतं. पेटी पुढे कुणी उचलली का नाय, हे त्याला कळत नाय." तो उठला. "चला, पेटी बघू."

रेकॉर्डच्या खोलीत, जुन्या फायलींच्या कपाटाशेजारी तोच कॉम्प्युटर होता, जो त्यानं जीपमधून आणला होता. चालू होता, पंखा घरघरत होता. त्यानं नोंदींची फाइल उघडली. काळ्या पडद्यावर एकाखाली एक ओळी, सगळ्यांच्या शेवटी एकच शब्दसमूह पुन्हा पुन्हा. बाहेर जाता येत नाही. बाहेर जाता येत नाही.

"शुक्रवारी इथं कोण आलं होतं काय? नेटवाले?"

"दुपारी दोघं आले होते. भिंतीवरचा डबा काढून नवा लावला."

"तेच." त्यानं कपाळ चोळलं. "नव्या डब्याचा नंबर वेगळा. हा अजून जुन्या दारावर जाऊन उभा राहतोय, आणि ते दार आता भिंत झालंय." मग त्यानं आणखी एक आज्ञा टाइप केली आणि पडद्यावर लांबलचक यादी उतरली. तारीख, वेळ, कुणाकडून, कुणाला. त्यानं पडदा थोडा आपल्याकडे वळवला.

"रांगेत एकेचाळीस मेल हायत," तो हळू आवाजात म्हणाला. "शुक्रवार दुपारनंतर या दवाखान्यातून एकपण मेल बाहेर पडलेला नाय."

"एकही नाही?"

"एकपण नाय."

संघरत्ना भिंतीला टेकली. म्हणजे त्यानं वाचलेलंच नाही. तिच्या त्या ओळी इथेच आहेत, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर, त्या यादीत कुठेतरी. सुटका वाटावी की अजून घाबरावं, तिला कळेना.

दीपेश कीबोर्डकडे बघत होता. "आता वाट मोकळी केली की हे सगळे एकदम सुटतील, ज्याचे त्याला पोचतील. नायतर रांग रिकामी करायची, म्हणजे सगळे पुसून टाकायचे. मी शक्यतो रिकामीच करतो. जुने मेल मागाहून पोचले की माणसं उगाच घाबरतात." तो थांबला. "रिकामी करू? तुमी सांगाल तसं."

एक शब्द. 'करा' एवढा एकच शब्द म्हटला की शुक्रवार झालाच नाही. पुन्हा खिडकी, पुन्हा जाळीतून चहाचा कप, आणि कुणालाच काही सांगायला नको. शब्द तिच्या जिभेवर आलाच होता...

तेवढ्यात बाहेर जीप करकचून थांबली. पावलांचा धडधडाट झाला, एका पुरुषाचा घाबरा आवाज आला. ती धावत बाहेर गेली.

राघो नावाचा शेतकरी आपल्या बायकोला दोन्ही हातांवर घेऊन उभा होता. चंदा तिचं नाव. कापलेल्या भाताच्या पेंढ्या बांधताना पायाला डसलं होतं, पाऊल घोट्यापर्यंत सुजून काळंनिळं.

"घोणस व्हती," राघो सांगत होता. "मी बघितली. पेंढीखालीच व्हती, मॅडम."

डॉक्टर मॅडमनी चंदाला खाटेवर घेतलं, काचेच्या नळीत रक्त काढून नळी टेबलावर उभी केली आणि घड्याळ पाहिलं. "संघरत्ना, फ्रीजमधलं औषध काढून ठेव."

संघरत्ना जागची हलली नाही.

"मॅडम..." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "शुक्रवारी रात्री लाइट गेली होती. किती वेळ, माहीत नाही. फ्रीजचे मेल आले नाहीत. आणि मी... मी तीन दिवस बघितलंच नाही."

डॉक्टर मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं.

"हे रक्त वीस मिनिटांत गोठलं नाही, म्हणजे विष भिनलं असलं, तर मला इंजेक्शन सुरू करायचंय," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत मला सांग, औषध धडधाकट आहे की नाही. खात्री नसेल तर मी हिला ॲम्ब्युलन्समध्ये घालून पुढे पाठवते. पण वाटेत दीड-दोन तास जातील, आणि ते हिला परवडणार नाहीत."

चंदानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. बाई जेमतेम तिच्याच वयाची होती.

संघरत्ना रेकॉर्डच्या खोलीत परत आली. धाप लागली होती.

"रिकामी करू नका."

दीपेशचा हात कीबोर्डवर होता. "काय झालं?"

"सर्पदंशाची बाई आलीये. त्या रात्री फ्रीज किती तापला, हे त्या मेलमध्येच आहे ना? दुसरीकडे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाय." त्याचा चेहरा पडला. "साठवून ठेवायची सोय मी केलीच नाय. वाटलं, मेल तर जातोच आहे."

"मग सोडा."

"फ्रीजचे तेवढे निवडून उघडता येतील, पण एकेकाचा नंबर टाकायला लागेल. पंधरा-वीस मिनिटं—"

"तेवढा वेळ नाही. सगळे सोडा."

आज पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "सगळे?"

"सगळे," ती म्हणाली. तिनं कपाटाची कडी धरली.

त्यानं जुन्या दाराचा नंबर खोडला, नवा घातला. एकदा चुकला, परत घातला. मग शेवटची आज्ञा देऊन हात मागे घेतला. पडद्यावरची यादी क्षणभर तशीच राहिली... आणि मग एकेक ओळ नाहीशी व्हायला लागली.

तिच्या हातातला फोन थरथरला. पुन्हा थरथरला. पुन्हा. आणि दीपेशच्या खिशातला फोन वाजला, एकदाच. त्यानं खिशाकडे हात नेला नाही. ती तिकडे न बघण्याचा जितका प्रयत्न करत होती, तितका तो आवाज तिच्या कानात घुमत होता.

"वाचा," तो म्हणाला. "क्रमानं वाचा."

"सहा पन्नास. लाइट नाही. चार पॉइंट दोन अंश." तिचा अंगठा पडद्यावर घसरत होता. "सात वीस. चार पॉइंट सहा... आठ वीस. पाच पॉइंट पाच..."

"पुढे."

"दहा वीस. सात पॉइंट शून्य. दहा पन्नास, सात पॉइंट चार. अकरा वीस... सात पॉइंट नऊ."

खोलीत फक्त पंख्याची घरघर. दोघांच्याही मनात एकच, यानंतर किती मेल आहेत? असेच चढत गेले असतील तर?

"अकरा पन्नास," तिनं वाचलं. "आठ पॉइंट तीन."

दीपेशनं डोळे मिटले.

"बारा पाच. लाइट आली." तिचा आवाज फाटला. "साडेबारा. सात पॉइंट एक... त्याच्यापुढे शनिवारी सकाळी आठचा. फ्रीज ठीक, चार पॉइंट चार. रविवारचा पण ठीक. आजचा पण."

ती धावली. डॉक्टर मॅडमनी फोन घेतला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर वाचला. "आठच्या वर जेमतेम पाऊण तास. तेवढ्यानं काही बिघडत नाही. काढ औषध."

मग त्यांनी टेबलावरची नळी हलकेच तिरपी केली. वीस मिनिटं झाली होती. रक्त पाण्यासारखं एका बाजूला ओघळलं.

पुढचे पाच-सहा तास संघरत्ना कुपी फोडत, मोजत, देत होती. चंदाला मध्येच थंडी भरली, श्वास लागला, तेव्हा राघो दाराच्या चौकटीला धरून मटकन खाली बसला. डॉक्टर मॅडमनी दुसरं इंजेक्शन दिलं, तिला धीर दिला. संध्याकाळी पुन्हा नळीत रक्त घेतलं. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली. या वेळी रक्त हललं नाही. घट्ट गोळा होऊन तळाशी बसून राहिलं.

"वाचली," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मग संघरत्नाकडे वळल्या. "आज खरं सांगितलंस, म्हणून वाचली. तीन दिवस बघितलं नाहीस, त्याबद्दल उद्या बोलू."

बाहेर ऊन उतरलं होतं. खळ्यावरच्या भाताचा ओलसर वास वाऱ्यावर येत होता. ओसरीच्या बाकावर दीपेश बसला होता, सकाळपासून तिथेच. फोन शेजारी उपडा ठेवलेला.

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"वाचलंत?"

"नाय."

"का?"

"तुमी असताना वाचायचं ठरवलं." तो आपल्या बुटांकडे बघत होता. "एकट्यानं वाचायला भीती वाटत होती."

त्यानं बाकावरचा फोन जरा बाजूला सरकवला.

"आणखी एक सांगायचंय. रांग उघडली तेव्हाच मी यादीत बघितलं होतं. तुमचं नाव आणि पुढे माझा पत्ता. वाटलं, तीन आठवड्यांनी लिहिलंय म्हणजे नकारच असणार. मला तो बघायचा नव्हता. म्हणून म्हटलं, रिकामी करू." त्यानं मान खाली घातली. "चूक झाली. त्या बाईचं औषध त्याच्यात होतं."

"मी पण 'करा' म्हणणार होते," ती म्हणाली. "जीप आली म्हणून..."

मग त्यानं फोन सुलटा केला.

"मोठ्यानं नका वाचू," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

त्या ओळी तिला पाठच होत्या. तो कुठल्या शब्दावर असेल, हे तिला त्याच्या श्वासावरून कळत होतं.

'दीपेश, तुम्ही विचारलंत त्याला तीन आठवडे झाले. मला भीती वाटते. आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. तुमच्या घरचे देव वेगळे, माणसंही वेगळी. मी तुमच्या दारात उभी राहिले तर कोण काय म्हणेल, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. तरी तुम्ही बघायला या. तुम्ही आलात की मला बरं वाटतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण आधी तुमच्या घरी सांगून या. लपून येणार असाल तर येऊ नका. संघरत्ना.'

त्यानं पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं.

"आज सांगतो घरी," तो म्हणाला.

"आज नको. नीट विचार करून, वेळ बघून..."

"नाय. उद्यावर टाकलं तर मी परत घाबरीन." त्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा प्रयत्न त्यानं केला नाही. "तुमी दिसलात की मला पण बरं वाटतं. हे मी पण कुणाला सांगितलेलं नाय."

त्याच्या हाताची बोटं बाकावर तिच्या बोटांपासून चार इंचांवर होती. ते अंतर तिनं पार केलं. क्षणभरच. मग आतून डॉक्टर मॅडमची हाक आली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. सांगितलं होतं. बाप ताटावरून उठून गेला. आई मैना भांडी घासत राहिली. संघरत्नानंही घरी सांगितलं. गीताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. बुधाजी खिडकीशी जाऊन उभे राहिले. "तुला तिथे कुणी वाकडं बोललं तर मी काय करू शकणार आहे?" एवढंच ते म्हणाले.

दहा दिवस असेच गेले. रोज सकाळी आठला फ्रीजचा मेल यायचा, ती तो त्याच मिनिटाला उघडायची. दीपेशनं आता नोंद यंत्रातही साठवली होती, आणि मेल अडकला तर यंत्रावर लाल दिवा लागेल अशी सोयही केली होती. बाकी कशाचीच सोय झालेली नव्हती. मुरबाडहून फोन यायचा तेव्हा ती आधी एवढंच विचारायची. घरात काय झालं? कोण काय म्हणालं?

अकराव्या दिवशी दुपारी खिडकीशी एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, हातात पिशवी. डोळे अगदी त्याच्यासारखे. संघरत्नाचा हात गोळ्यांच्या पाकिटावरच थांबला.

"नाव काय गो तुझं?" बाईंनी विचारलं.

"संघरत्ना."

पुढचा प्रश्न आडनावाचा, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती वाट बघत राहिली. तो आला नाही.

"मी मैना. दीपेसची आई." बाईंनी जाळीतून आत, कपाटांकडे, फ्रीजकडे बघितलं. "दहा दिस पोरगं धड जेवलं नाय. मी पण नाय. त्याचा बाप बोलत नाय आमच्याशी."

"मला माफ—"

"माफी कशाला मागतेस? तू काय केलंस?" त्या थांबल्या. पिशवीचे बंद त्यांनी बोटाला गुंडाळले, सोडले. "मला भीती वाटते गो. आळीची, भावकीची. आमच्यात असं झालेलं नाय कधी. तुला नाय वाटत भीती?"

संघरत्नाला खोटं बोलता आलं असतं. "वाटते," ती म्हणाली. "रोज वाटते. आत्तासुद्धा."

मैनाबाईंनी तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"मग जमंल," त्या म्हणाल्या. "नुसती धीट पोरगी असतीस, तर मला तुझ्याशी बोलायला सुचलं नसतं. आयतवारी आमी येतो वाशिंदला. मी आणि तो. त्याचा बाप येईल का नाय, ठावं नाय. घर सापडंल ना?"

संघरत्नानं कागद ओढला. वडिलांचं नाव, पत्ता लिहून तो जाळीतून पुढे सरकवला. "स्टेशनपासून लांब आहे. रस्ता जरा आतला... लोकांना विचारायला लागेल."

"विचारू की."

"काय म्हणून विचाराल?" तिच्या तोंडून निघून गेलं.

मैनाबाईंनी कागद घेतला, घडी घालून कनवटीला खोचला.

"बुधाजींचं घर कुठलं, म्हणून विचारीन," त्या म्हणाल्या. "चार माणसांत विचारीन."